फोन खिशात असताना कॅमेरा कोणता घ्यावा

चांगला, महाग आणि तरीही छोटा कॅमेरा घ्यायला निघालेले बहुतेक लोक त्याची तुलना लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याशी करतात. मोठ्या कॅमेऱ्याच्या गुणवत्तेच्या किती जवळ हा छोटा पोचतो, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे असतो. २०१२ मध्ये हा प्रश्न बरोबर होता. त्या वर्षी सोनीने आरएक्स१०० बाजारात आणला. बॅटरीसह वजन २४० ग्रॅम, शर्टाच्या खिशात मावेल असा देह, आणि आत ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर. नावात इंच असला तरी त्याचा कर्ण साधारण १६ मिलिमीटरच असतो, तो १३.२ बाय ८.८ मिमीचा, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा. तेव्हाच्या सर्वसाधारण छोट्या कॅमेऱ्यांत २८ चौरस मिमीच्या आसपासचे सेन्सर असत आणि फोनमधले त्याहूनही लहान. मोठा कॅमेरा घरी ठेवून हा छोटा बरोबर न्यावा की नाही, हाच तेव्हा निर्णय होता. आज निर्णय बदलला आहे, कारण ज्या खिशात कॅमेरा जाणार त्याच्या शेजारच्या खिशात फोन आधीच आहे, आणि तो कुठेही राहून जाणार नाही. म्हणून आता विचारायचा प्रश्न असा: फोनला जे जमत नाही, ते या कॅमेऱ्याला जमते का? हा प्रश्न नेटाने लावून धरला, तर आजवर सर्वांत सुरक्षित मानली गेलेली खरेदी, म्हणजे एक इंची सेन्सर आणि छोटा झूम असलेला कॅमेरा, सर्वांत कमकुवत ठरते. उलट एकाच फोकल लेंग्थचा, म्हणजे झूम नसलेला आणि अडचणीचा वाटणारा कॅमेरा बहुतेकांसाठी शहाणपणाचा ठरतो, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे तपासायला थोडे गणित लागेल. छायाचित्रातला दाणेदारपणा, ज्याला आपण नॉइज म्हणतो, तो मुख्यतः सेन्सरच्या दोषातून येत नाही. प्रकाश कणाकणाने येतो आणि कणांची संख्या नेहमी थोडी कमीजास्त होत राहते, त्यातून तो येतो. हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. शंभर कण आले तर दहाचा फरक, म्हणजे दहा टक्के. दहा हजार आले तर शंभराचा फरक, म्हणजे एकच टक्का. त्यामुळे संपूर्ण चित्रावर एकूण किती प्रकाश गोळा झाला, यावर चित्राची स्वच्छता ठरते. एकाच दृश्यासाठी आणि एकाच शटर स्पीडला हा प्रकाश दोन गोष्टींवर अवलंबून असतो: सेन्सरचे क्षेत्रफळ आणि लेन्सचा एफ-आकडा (तो जितका लहान, तितका प्रकाश जास्त). क्षेत्रफळाला एफ-आकड्याच्या वर्गाने भागले, की कॅमेऱ्यांची सरळ तुलना करता येईल असा एक अंक मिळतो. त्याला या प्रकरणापुरते प्रकाशांक म्हणू. दुकानातल्या माहितीपत्रकात हा अंक कधी छापलेला नसतो, पण त्यासाठी लागणाऱ्या दोन्ही संख्या छापलेल्या असतात आणि भागाकार कुणालाही करता येतो.

आता तो करून पाहू. फुजीफिल्मचा एक्स१०० सिक्स, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेला: एपीएस-सी मापाचा सुमारे ३६७ चौरस मिमीचा सेन्सर, लेन्स एफ/२. प्रकाशांक ९२. रिकोचा जीआर थ्री, २०१९ चा: सेन्सर तेवढाच, लेन्स एफ/२.८, प्रकाशांक ४७. त्याचा २०२५ मध्ये आलेला वारस जीआर फोर याही हिशेबात तिथेच आहे. कॅननचा जी७एक्स मार्क थ्री, हाही २०१९ चा: एक इंची सेन्सर, रुंद टोकाला एफ/१.८, प्रकाशांक ३६. म्हणजे जीआरच्या मोठ्या सेन्सरचा फायदा त्याच्या मंद लेन्समुळे बराच घटतो; ‘सेन्सर तिप्पट म्हणून चित्र तिप्पट चांगले’ हे विक्रेत्याचे वाक्य कमी उजेडात टिकत नाही. आणि सोनीचा आरएक्स१०० सेव्हन, ज्याच्या २४ ते २०० मिमीच्या झूमचे सगळीकडे कौतुक होते, त्याची लेन्स रुंद टोकालाच एफ/२.८ पासून सुरू होते. प्रकाशांक अवघा १५. (इथले सगळे मिलिमीटर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीशी ताडलेले आहेत, लहान आकडा म्हणजे रुंद दृश्य, मोठा म्हणजे दूरचे जवळ.)

याच रांगेत आता फोन उभा करू. आयफोन १५ प्रोच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे ७० चौरस मिमीचा आणि लेन्स एफ/१.७८, म्हणून प्रकाशांक २२-२३. विवोच्या एक्स१०० प्रो या भारतात विकल्या गेलेल्या फोनात तर एक इंची सेन्सरच आहे, तोही एफ/१.७५ लेन्सच्या मागे, प्रकाशांक ३८. ज्या एका गुणासाठी २०१२ पासून लोक एक इंची कॅमेरे घेत आले तो गुण, रुंद दृश्याच्या बाबतीत तरी, फोनने गाठला आहे आणि काही जोड्यांमध्ये मागेही टाकला आहे. आरएक्स१०० सेव्हनने रात्री २४ मिमीला काढलेल्या चित्रापेक्षा फोनच्या चित्रात मुळातच जास्त प्रकाश असतो. त्यावर फोन जे संस्कार करतो ते वेगळेच. बाजाराने हे आधीच ओळखले होते. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये लेन्स न बदलणारे डिजिटल कॅमेरे दहा कोटींहून अधिक पाठवले गेले. २०२३ मध्ये ती संख्या सतरा लाखांच्या आसपास उरली. उरलेल्या कॅमेऱ्यांपैकी ज्यांच्यासाठी लोक महिनोन्‌महिने वाट पाहतात त्यांत एक्स१०० आणि जीआर ठळकपणे आहेत, आणि दोघांनाही झूम नाही. फॅशनचा आणि समाजमाध्यमांवरच्या लाटेचा वाटा यात नक्कीच आहे, पण फोनपासून सर्वांत दूर असलेली यंत्रे टिकली हे त्या लाटेने पूर्ण समजावता येत नाही.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की मग एपीएस-सीवाले कॅमेरे तरी कशाला? २०१८ मध्ये गूगलने पिक्सेल फोनांत नाइट साइट आणल्यापासून फोन एका चित्राऐवजी अनेक चित्रे पाठोपाठ घेऊन ती एकावर एक बसवतो. वर्गमुळाचा नियम इथेही लागू आहे: नऊ चित्रे जोडली की नॉइज तिपटीने घटतो. मग चौपट प्रकाशांकाचे कौतुक ते काय? हा आक्षेप स्थिर दृश्यापुरता मान्य करायलाच हवा. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, उजेड मंद असतो आणि भित्तिचित्र जागचे हलत नाही. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचे चित्र स्थिर हाताने फोनवर उत्तम येते, आणि केवळ तेवढ्यासाठी कॅमेऱ्यावर लाखभर रुपये घालणे समर्थनीय नाही. पण माणसे हलतात. साध्या चालीने चालणारा माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर पुढे जातो. १/३० सेकंदात तो जवळजवळ पाच सेंटिमीटर सरकलेला असतो, १/२५० सेकंदात जेमतेम अर्धा सेंटिमीटर. फुगडी घालणाऱ्या वारकरी स्त्रियांचे हात आणि ताशावर पडणाऱ्या काड्या याच्या कितीतरी पट वेगाने हलतात. इथे फोनने घेतलेली नऊ चित्रे एकमेकांवर बसत नाहीत. सॉफ्टवेअर हलणारा भाग ओळखून त्यापुरते एकच चित्र वापरते, आणि मग त्या भागाच्या वाट्याला त्या एका चित्राचाच प्रकाश येतो. पार्श्वभूमी स्वच्छ आणि चेहरा मेणासारखा गुळगुळीत, ही फोनच्या रात्रीच्या चित्रांची ओळख झाली आहे, तिचे मूळ इथे आहे. विसर्जन मिरवणुकीत १/२५० ला चित्र घ्यायचे असेल, तर बावीस आणि ब्याण्णव यांतला फरक पूर्ण मिळतो. कॅमेऱ्यातल्या कंपनरोधक यंत्रणेचा इथे उपयोग नाही. ती आपला हात सावरते. समोरच्याची हालचाल थांबवणे तिच्या हातात नसते.

भर उन्हात हिशेब आणखी वेगळा होतो, आणि खरेदी करताना याकडे सहसा दुर्लक्ष होते. उजेड मुबलक असला की सेन्सर काठोकाठ भरतो, आणि काठोकाठ किती मावते हे ढोबळमानाने क्षेत्रफळावर ठरते. एफ-आकड्याचा त्यात संबंध उरत नाही. अशा वेळी जीआर आणि एक्स१०० दोघेही एक इंची सेन्सरच्या तिपटीने आणि आयफोनच्या पाचपटीने प्रकाश साठवतात. मे महिन्यातली दुपार, देवळाच्या सभामंडपातला काळोख आणि बाहेरचे पांढरे पडलेले पटांगण एकाच चौकटीत घ्यायचे असेल, तर सावलीतला तपशील नंतर वर काढता येतो तो या साठ्यातून. फोन इथेही अनेक चित्रे जोडतो आणि सावल्या आधीच उजळून देतो. पुष्कळांना ते आवडते. मला त्यात उन्हाळ्याची दुपार दिसत नाही. ऊन कडक होते हे सांगायला सावली काळीच लागते, आणि ती किती काळी ठेवायची हे ठरवण्याची मोकळीक काढणाऱ्याकडे असावी. मोठ्या सेन्सरच्या रॉ, म्हणजे संस्कार न केलेल्या, फाइलमध्ये ती सर्वाधिक असते.

दुसरा आक्षेप प्रवाशांचा आणि रास्त: एकाच फोकल लेंग्थने प्रवास कसा करायचा? याचे नेहमीचे उत्तर ‘चालत पुढे जा’ असे असते. ते अपुरे आहे. दरीच्या पलीकडे चालत जाता येत नाही. गणिताचे उत्तर अधिक चांगले आहे. एक्स१०० सिक्सची लेन्स ३५ मिमीची आणि सेन्सर चार कोटी पिक्सेलचा. त्याचे मधले अर्ध्या रुंदीचे दृश्य कापून घेतले की ७० मिमीची चौकट मिळते आणि एक कोटी पिक्सेल उरतात. १२ बाय ८ इंचाच्या छापील चित्राला ते पुरेसे आहेत. कापल्यामुळे वापरलेले क्षेत्रफळ चौथाई होते आणि प्रकाशांक ९२ वरून २३ वर येतो. आता याच ७० मिमीला एक इंची झूमवाले पाहा. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतल्या २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीची लेन्स तिथे एफ/२.८ ला पोचते: प्रकाशांक १५. कॅननचा जी७एक्सही तिथे त्याच घरात. म्हणजे झूम नसलेल्या कॅमेऱ्याचा कापलेला तुकडा झूमच्या अख्ख्या चित्राहून जास्त प्रकाश धरून आहे. पिक्सेल निम्मे मिळतात हे खरे, पण फोनच्या पडद्यावर, घरच्या टीव्हीवर किंवा भिंतीवरच्या मध्यम आकाराच्या फ्रेममध्ये तो फरक दिसत नाही. रिकोच्या जीआर थ्री एक्स या ४० मिमीच्या भावंडाची कथाही अशीच: ७० मिमीला कापल्यावर प्रकाशांक १५, पिक्सेल ऐंशी लाख, म्हणजे प्रकाशात झूमशी बरोबरी. फक्त २८ मिमीचा मूळ जीआर इथे मागे पडतो. त्याचा तुकडा चाळीस लाख पिक्सेल आणि प्रकाशांक साडेसात इतका उरतो. ज्यांना माणसे जरा जवळून घ्यायची सवय आहे, त्यांनी २८ चा जीआर नावाच्या मोहाने घेऊ नये. शिवाय २४ ते २८ मिमीचे दृश्य फोनचा मुख्य कॅमेरा देतोच. जे शेजारच्या खिशात आहे तेच पुन्हा विकत घेण्यापेक्षा ३५ किंवा ४० मिमी घेणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

आपल्याला काय लागते याचा पुरावाही घरातच असतो. फोनमधल्या प्रत्येक चित्रासोबत ते किती मिलिमीटरला, कोणत्या शटर स्पीडला आणि किती आयएसओला काढले याची नोंद साठते. गॅलरीत चित्राचा तपशील उघडला की ती दिसते. गेल्या सहली-समारंभांची चित्रे या नजरेने चाळावीत. बहुतेक चित्रे झूम न करता काढलेली असतील, तर दोनशे मिलिमीटरची हौस जाहिरातीतून आलेली आहे. घरातल्या संध्याकाळच्या चित्रांत १/३० च्या खालचे शटर आणि पुसट झालेली मुले वारंवार दिसत असतील, तर पैसे प्रकाशांकावर खर्च करावेत. आणि दर दुसऱ्या चित्रात फोनचा झूम ताणून ताणून कळस, शिल्पपट्टी किंवा कड्यावरचा बुरूज पकडलेला असेल, तर त्या माणसाने माझा आतापर्यंतचा युक्तिवाद बाजूला ठेवून लांब झूमचा कॅमेरा घ्यावा.

कारण लांब झूमची बाजू खरोखर भक्कम आहे, फक्त ती वेगळ्या जागी आहे. आरएक्स१०० सेव्हन रुंद टोकाला फोनकडून हरतो, पण २०० मिमीला त्याचा प्रकाशांक साडेपाचच्या पुढे असतो. फोनच्या दुर्बिणी लेन्सचे चित्र त्याच चौकटीपर्यंत कापले, तर अगदी मोठ्या सेन्सरच्या टेलिफोटो फोनांहूनही हा तीन-चारपट पुढे राहतो, आणि सामान्य फोनांहून कितीतरी जास्त. वेरूळच्या कैलास मंदिरात वरच्या बाजूची शिल्पे खालून टिपायची असतील, किंवा राजगडावरून दूरचा तोरणा चौकटीत भरायचा असेल, तर ऊन भरपूर असल्याने मंद लेन्सचा तोटा जाणवत नाही आणि पोहोच मात्र पूर्ण मिळते. ३०२ ग्रॅमच्या आणि जेमतेम ४३ मिमी जाडीच्या देहात हे बसवणे ही मोठी अभियांत्रिकी आहे. हा कॅमेरा दिवसाचा आहे, एवढे समजून घेतले की त्याच्याकडून निराशा होत नाही. पक्षिनिरीक्षणाला मात्र २०० मिमी पुरत नाहीत. त्यासाठी छोट्या कॅमेऱ्याचा नाद सोडावा हे बरे.

मधल्या वाटेच्या बाजूने एक सक्षम साक्षीदार आहे, त्याला डावलणे अप्रामाणिक होईल. पॅनासॉनिकचा २०१८ चा एलएक्स१०० टू आणि त्याच धर्तीवरचा लायकाचा २०२४ चा डी-लक्स ८ यांत फोर थर्ड्‌स मापाचा सेन्सर आहे. त्याचा काही भाग न वापरताही सुमारे १९० चौरस मिमी हाती लागतात, आणि लेन्स २४ ते ७५ मिमी, एफ/१.७ ते २.८. रुंद टोकाला प्रकाशांक ६५, लांब टोकाला २४. या रांगेतला हा एकमेव छोटा झूम आहे जो फोनला दोन्ही टोकांना हरवतो आणि कापलेल्या एक्स१०० ची बरोबरी करतो. मग माझी शिफारस तोच का नाही? त्याची जाडी ६४ मिमी आहे. एक्स१०० सिक्स ५५ मिमीचा, जीआर थ्री ३३ चा. खिशाची मर्यादा वजनापेक्षा जाडीने ठरते, आणि ६४ मिमीची वस्तू पिशवीत जाते. पिशवीतच जायचे असेल, तर चपटी लेन्स लावलेला मिररलेस कॅमेरा त्याच जागेत बसतो आणि पुढे लेन्स वाढवण्याची सोय देतो. ज्यांना लेन्स बदलायची अजिबात इच्छा नाही, ज्यांचा प्रवास धुळीचा आहे आणि ज्यांच्या खांद्यावर पिशवी असतेच, त्यांच्यासाठी हा कॅमेरा सर्वांत समतोल आहे हे मात्र मान्य. एक्स१०० सुद्धा ५२१ ग्रॅमचा आहे आणि शर्टाच्या खिशात जात नाही. तो गळ्यात राहतो. रोज कामावर जाताना, लोकलच्या गर्दीत, कुणाच्या लक्षात न येता बरोबर राहील असा या सगळ्यांत जीआरच आहे, आणि २५७ ग्रॅमच्या देहात एपीएस-सी सेन्सर देणारा दुसरा कॅमेरा शोधून सापडणे कठीण.

आतापर्यंत प्रकाशाचेच बोललो. पण काही गोष्टी प्रकाशांकात मावत नाहीत, आणि रोजच्या वापरात त्याच जास्त जाणवतात. जीआरमध्ये स्नॅप फोकस नावाची सोय आहे: अंतर आधीच ठरवून ठेवायचे, बटण एका दमात दाबायचे, कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. २८ मिमीच्या जीआरवर अंतर अडीच मीटर आणि एफ/५.६ ठेवले, तर साधारण १.४ मीटरपासून पंधरा मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. बाजारपेठेतल्या गर्दीत एवढा पट्टा पुरून उरतो. फोनचे कुलूप उघडून, अ‍ॅप सुरू करून, पडद्यावर बोट ठेवेपर्यंत भाजीवालीने तराजू खाली ठेवलेला असतो. याच्या उलट बाजूला जीआरला व्ह्यूफाइंडर नाही, आणि दुपारच्या उन्हात त्याचा पडदा फोनच्या पडद्याहूनही मंद भासतो. एक्स१०० मध्ये काचेतून थेट दिसणारा आणि इलेक्ट्रॉनिक असे दोन्ही व्ह्यूफाइंडर एकत्र आहेत; आरएक्स१०० सेव्हनमध्ये वर उचलला जाणारा छोटासा आहे; कॅननच्या जी७एक्सला तो नाही. ज्यांना चष्मा आहे त्यांनी दुकानात डोळा लावून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये, कारण लहान व्ह्यूफाइंडर चष्म्यातून पूर्ण दिसत नाही.

लेन्समध्येच बसवलेले पानांचे शटर, म्हणजे लीफ शटर, ही छोट्या कॅमेऱ्यांची खरी खासियत आहे. मोठ्या कॅमेऱ्यांतले पडदा शटर फ्लॅशशी साधारण १/२०० किंवा १/२५० पर्यंतच जुळते. लीफ शटर १/१००० किंवा त्याहूनही वेगाला जुळते. याचा अर्थ असा की भर दुपारी, टोपीच्या किंवा पदराच्या सावलीत बुडालेल्या चेहऱ्यावर चिमुकल्या फ्लॅशनेही पुरेसा उजेड टाकता येतो, कारण वेगवान शटरमुळे उन्हाचा जोर कमी होतो आणि फ्लॅशचा तसाच राहतो. फोनचा एलईडी दिवा उन्हापुढे काहीच करू शकत नाही, आणि हजारो रुपयांचा मोठा कॅमेराही इथे सहज मागे पडतो. आपल्याकडच्या उन्हाचा विचार करता हा गुण प्रत्येक परीक्षणात पहिल्या परिच्छेदात यायला हवा होता. एक्स१०० सिक्स आणि आरएक्स१०० सेव्हन यांत फ्लॅश अंगचाच आहे. जीआर थ्रीमधून तो काढून टाकला, तो वरून लावावा लागतो. माझ्या मते ती मोठी उणीव आहे.

कॅमेरा आपल्या हवेत किती टिकेल याचाही विचार हवा. जीआर थ्री धूळ-पाण्यापासून सुरक्षित नाही, आणि लेन्स आतबाहेर सरकताना धूळ आत ओढली जाऊन सेन्सरवर बसते ही त्याच्याबद्दलची जुनी तक्रार आहे. लेन्स निघत नसल्याने ती घरी पुसताही येत नाही. एक्स१०० सिक्सला रिंग आणि फिल्टर लावल्यावरच शिडकाव्याचे संरक्षण मिळते. ती दोन्ही वेगळी विकत घ्यावी लागतात आणि खरेदीच्या किमतीतच धरावीत. सह्याद्रीतल्या जुलैच्या पावसात यांपैकी कुठलाही कॅमेरा बाहेर काढण्यापेक्षा पाण्याला दाद न देणारा फोनच वापरावा, फोन बरोबर आहेच. कोकण, मुंबई आणि गोव्याच्या दमटपणात खरा शत्रू लेन्सवर वाढणारी बुरशी आहे. मोठ्या कॅमेऱ्याची एखादी लेन्स बुरशीने गेली तर दुसरी घेता येते; इथे लेन्स गेली म्हणजे कॅमेराच गेला. चार महिने कपाटात चामडी पाकिटात बंद करून ठेवलेला कॅमेरा सर्वांत लवकर बुरशी धरतो. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावा, ती भिजली की बदलावी किंवा तापवून पुन्हा कोरडी करावी, आणि पावसाळ्यातही अधूनमधून बाहेर काढून वापरावा.

किमतीचा आक्षेप शेवटी येतो आणि तो सर्वांत कठोर आहे. जाहीर झाले तेव्हा अमेरिकेत जीआर थ्री ८९९ डॉलरना, जी७एक्स मार्क थ्री ७४९ ना आणि एक्स१०० सिक्स १,५९९ ना होता; आपल्याकडे येईपर्यंत कर आणि टंचाई मिळून या किमती आणखी चढतात. २०१९ चे कॅमेरे स्वस्त होतील म्हणून थांबणाऱ्यांची गेली काही वर्षे निराशाच झाली आहे, कारण नवे कॅमेरे कमी निघतात आणि जुन्यांची मागणी वाढते आहे. वापरलेला कॅमेरा घ्यायला म्हणूनच हरकत नाही, पण तपासून. झूम किंवा लेन्सची नळी दहा-बारा वेळा उघडझाप करून ती अडखळते का, आवाज करते का ते ऐकावे. छिद्र एफ/१६ किंवा जे सर्वांत लहान असेल त्यावर नेऊन पांढऱ्या भिंतीचे किंवा मोकळ्या आकाशाचे चित्र काढावे आणि मोठे करून पाहावे. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते. लेन्समध्ये टॉर्चचा झोत तिरका टाकून पाहावा, बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या धाग्यांनी उमटते. बॅटरी नवी गृहीत धरून तिची किंमत वेगळी जोडावी. जीआर थ्रीला नव्या बॅटरीवरही अधिकृत चाचणीत दोनशेच चित्रे मिळतात, त्यामुळे दुसरी बॅटरी किंवा पॉवर बँक लागतेच. आणि नवा घेताना बिल, तसेच भारतातली वॉरंटी कुणाची आहे हे लेखी घ्यावे. परदेशातून खासगीरीत्या आणलेला कॅमेरा काही हजारांनी स्वस्त मिळतो, पण लेन्स आणि सेन्सर एकाच बंद देहात असलेल्या या यंत्राची पहिली दुरुस्ती ती सगळी बचत खाऊन टाकू शकते.